चौथ्या पानावरचे सत्तावन्न

वैमानिक घडवता येत नाही, तो जन्मावाच लागतो.

हे वाक्य स्क्वाड्रन लीडर देवकर माझ्या दवाखान्यात उभे राहून म्हणाले, तेव्हा त्यांचा नातू माझ्या समोरच्या पानावर सत्तर हा आकडा वाचत होता. पानावर एकोणतीस होते.

मी डोळ्यांचा डॉक्टर. नगरला सावेडीत माझा दवाखाना होता. मोतीबिंदू, काचबिंदू, चष्म्याचे नंबर, ऊसतोडीत पाचट लागून आलेले डोळे, असं सगळं असायचं. भरतीचे दिवस आले की मुलं रंगांच्या तपासणीला यायची. त्यासाठी एक पुस्तक असतं. प्रत्येक पानावर रंगीत ठिपक्यांचा गोळा, आणि त्या ठिपक्यांत वेगळ्या रंगाच्या ठिपक्यांनी काढलेला एक आकडा. ज्याला लाल आणि हिरवा वेगळे दिसतात त्याला आकडा दिसतो. ज्याला दिसत नाहीत त्याला दुसराच दिसतो किंवा काहीच दिसत नाही. पहिल्या पानावरचे बारा मात्र सगळ्यांना दिसतात. तिथेच अडखळला तर समजायचं की मुलगा नाटक करतोय.

हे पुस्तक मुळात एका जपानी डॉक्टरने बनवलं. हा तपशील पुढे लागेल.

देवकरसाहेब कोल्हारचे. दुसऱ्या महायुद्धात बर्मा आघाडीवर त्यांनी बॉम्बर विमान चालवलं होतं. नंतर रीतसर नोकरी करून निवृत्त झाले आणि प्रवरेकाठी पेरूची बाग लावून राहिले. गावात त्यांना पायलटसाहेब म्हणत. पंच्याहत्तरीच्या आसपासचे, पाठ ताठ, मिशी पांढरी आणि कातरलेली. वर्षातून चार-पाच सत्कार ठरलेले. त्यांतल्या एकाला मीही गेलो होतो. वक्त्याने त्यांना 'गगनाचा गरुड' म्हटलं, दुसऱ्याने 'शत्रूचा काळ'. नेमकं काय केलं हे कोणीच सांगितलं नाही, आणि शाल घेताना साहेबांनीही सांगितलं नाही. मला तो विनय वाटला. त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू मी दोन वर्षांपूर्वी काढला होता, त्यामुळे आमची ओळख चांगली होती.

नातू म्हणजे मुलीचा मुलगा. नितीन. बारावी झालेला, उंच, शांत. हवाई दलासाठी लेखी परीक्षा पास, मुलाखतही पास. मेडिकल बोर्ड तेवढं राहिलं होतं. जाण्याआधी एकदा डोळे बघून घ्यावेत म्हणून आजोबा घेऊन आले होते.

मी पुढचं पान उलटलं.

"पाच? का दोन? दोन," नितीन म्हणाला. पानावर पाच होते.

"घाईने वाचू नकोस," आजोबा मागून म्हणाले. "डोळा स्थिर ठेव."

"स्थिरच आहे आजोबा."

सतरा पानांत त्याने बरोबर वाचलं ते फक्त पहिलं. मी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "नितीन, टोमॅटो पिकलाय की कच्चा, हे कळतं तुला?"

"हात लावून कळतं."

"बघून?"

"बघून नाही कळत. आजोबांनी लहानपणीच शिकवलंय. टोमॅटो दाबायचा, पेरूचा वास घ्यायचा."

मी साहेबांकडे पाहिलं. ते भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत होते.

मी नेहमीप्रमाणे समजावून सांगितलं. हा रोग नाही. जन्मतः असतं, वाढत नाही, कमी होत नाही. आईकडून मुलाला येतं. आईला स्वतःला काही नसतं, तिला ते तिच्या वडिलांकडून मिळालेलं असू शकतं. म्हणजे बहुतेक वेळा आजोबा, मुलगी, नातू असा हा प्रवास. हे मी शेकडो वेळा सांगितलं होतं. समोर आजोबा उभे आहेत हे वाक्य संपल्यावर लक्षात आलं.

"डॉक्टर," साहेब म्हणाले, "मी वैमानिक होतो."

"हो साहेब. आजीकडूनही येऊ शकतं. मी आपलं सर्वसाधारण..."

"मला तपासा."

"काही गरज नाही."

"आहे. मला तपासा." ते नितीनला उठवून त्या स्टुलावर बसले.

आता माझ्या पुस्तकाबद्दल थोडं सांगायला हवं. माझ्याकडे मुलाणी म्हणून सहायक होते, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. चष्म्याचे नंबर काढण्यापासून स्टोव्हवर सुया उकळण्यापर्यंत सगळं तेच करत. वर्षभरापूर्वी पुस्तकाची दोन पानं सुटली होती. मुलाणींनी ती डिंक लावून चिकटवली, पण उलटी. चौथ्याच्या जागी पाचवं, पाचव्याच्या जागी चौथं. मी बोललो तेव्हा म्हणाले, "वाचणाऱ्याला काय फरक पडतोय साहेब? आकडा तर त्योच हाय." ते खरं होतं, म्हणून तसंच राहिलं.

मी पहिलं पान उघडलं.

"बारा," साहेब म्हणाले.

"आठ."

"सहा."

सरळ, खणखणीत आवाज. सत्काराच्या उत्तरातही एवढा नसायचा. मला बरं वाटलं. चौथं पान उघडलं. त्यावर मुलाणींच्या कृपेने सत्तावन्न होते.

"एकोणतीस," साहेब म्हणाले.

मी पाचवं पान उघडलं. त्यावर एकोणतीस.

"सत्तावन्न."

माझा हात पुस्तकावरच राहिला. रंग न दिसणाऱ्याला सत्तावन्नाच्या जागी पस्तीस दिसतात, किंवा नुसते ठिपके. पण सत्तावन्नाचे एकोणतीस दिसतील असा डोळा जगात नाही आणि असा रोगही नाही. हा माणूस पानाकडे बघून वाचत नव्हता. म्हणून दाखवत होता.

मी उरलेली पानं उलटली. सगळी उत्तरं बरोबर आली. काही तर पान पुरतं उघडायच्या आत आली.

"मुलाणी," मी म्हणालो, "नितीनला चहा पाजून आणा."

"हितंच मागवतो की."

"नाही. बाहेर. कोपऱ्यावर."

मुलाणींनी माझ्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, आणि नितीनच्या खांद्यावर हात ठेवला. "चला पायलट. डॉक्टरांना आज वेगळाच चहा प्यायचाय."

दार लागलं. काय बोलावं हे मी ठरवत होतो. साहेबच आधी बोलले, अगदी कामाच्या आवाजात.

"चौथ्या-पाचव्या पानाला तुम्ही थांबलात. क्रम बदललाय का?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला. हा माणूस घराण्याची अब्रू वाचवायला त्या स्टुलावर बसला नव्हता. आपल्याला पाठ असलेले आकडे अजून चालतात का, हे तपासायला बसला होता. मी त्यांची परीक्षा घेत होतो असं मला वाटत होतं. खरं तर ते पुस्तकाची घेत होते, आणि माझ्या चेहऱ्यावरून निकाल वाचत होते.

"साहेब, तुम्हाला हे आकडे दिसत नाहीत."

"बारा दिसतात."

"ते सगळ्यांनाच दिसतात."

"तेव्हाही तेवढेच दिसले होते." त्यांनी चष्मा काढून पुसला. "भरतीच्या वेळी पडद्याआड तपासत होते. माझ्या आधी पाच जण होते. पहिला आत गेला आणि मोठ्याने आकडे म्हणायला लागला. मी पडद्याच्या फटीतून पाहिलं तर बारा सोडून मला पानांवर काहीच नाही. दुसरा गेला. तेच आकडे, त्याच क्रमाने. आमच्या शाळेत पावकी, निमकी, दीडकीचे पाढे रोज संध्याकाळी ओळीने म्हणून घेत. सतरा आकडे म्हणजे काय? तिसरा माणूस बाहेर येईपर्यंत माझे पाठ होते."

"आणि कोणाला संशय आला नाही?"

"डॉक्टर, तुम्हीसुद्धा पहिल्या पानापासूनच सुरुवात केलीत."

हे मला लागलं. वीस वर्षं मी पहिल्या पानापासून सुरुवात करत होतो. शिकवणाऱ्यांनी सांगितलेलं असतं की पानं मागेपुढे करून दाखवा. करतो कोण? पन्नास मुलं बाहेर उभी असतात. जपानी डॉक्टरांचं पुस्तक पाठ करून हा माणूस जपान्यांवर बॉम्ब टाकायला गेला होता, आणि त्याला अडवायची जबाबदारी ज्याची होती त्याने माझ्यासारखीच पानं ओळीने उलटली होती.

मग मी एक प्रश्न विचारला. त्यात हेतू काही नव्हता. डॉक्टर सवयीने विचारतात तसा.

"पुढे नोकरीत कधी त्रास झाला का याचा?"

बाहेर रिक्षा उभी राहिली, गेली.

"एकदा," ते म्हणाले.

त्यांचं विमान सूर मारणारं होतं. म्हणजे लक्ष्याच्या वर जायचं, नाक खाली करून जवळजवळ सरळ खाली यायचं, शेवटच्या क्षणी बॉम्ब सोडायचे आणि विमान वर उचलायचं. विमानात दोघे. पुढे वैमानिक, मागे गनर, म्हणजे मशिनगनवाला, तो शेपटीकडे तोंड करून बसलेला. खाली सगळं जंगल. शत्रू आणि आपले यांच्यात कधी कधी एका ओढ्याचं अंतर. म्हणून जमिनीवरचं सैन्य धुराच्या खुणा करायचं.

"इतर दिवशी अडचण नव्हती," साहेब म्हणाले. "पुढचं विमान जिथं टाकेल तिथं आपण टाकायचं. मी कायम दुसरा किंवा तिसरा. त्या दिवशी म्होरक्याच्या इंजिनात बिघाड झाला, तो अर्ध्यातून परतला. मी पुढे आलो. सांगितलं होतं, लाल धूर शत्रूच्या टेकडीवर, हिरवा आपल्या लोकांपाशी. मी वर पोचलो. खाली धुराचे दोन खांब होते. दोन्ही ओल्या मातीच्या रंगाचे."

"गनरला विचारायचं."

"त्याचं तोंड मागे. त्याला ढग दिसत होते."

"मग रेडिओवर? मागच्या विमानांना?"

"काय विचारू? लाल कुठला?" ते पहिल्यांदाच माझ्याकडे थेट बघून बोलले. "डॉक्टर, हा प्रश्न वैमानिक विचारत नाही. विचारला असता तर माझं ते शेवटचं उड्डाण ठरलं असतं."

"मग काय केलंत?"

"उजवीकडचा निवडला."

साहेबांनी पुसलेला चष्मा परत पुसला.

"माझ्या मागे तीन विमानं होती. मी टाकले तिथं त्यांनी टाकले."

"त्यांना तर दिसत होतं ना लाल-हिरवं?"

"तीच पद्धत होती. म्होरक्या चुकेल असं मागच्याला वाटत नाही. त्याला काहीतरी नवीन कळलं असेल असं वाटतं." त्यांनी चष्मा घातला. "परत आल्यावर लॉगबुकात लिहिलं." लॉगबुक म्हणजे वैमानिकाची प्रत्येक उड्डाणाची वही. "टार्गेट हिट. दोन शब्द. कोणी काही विचारलं नाही, मीही नाही."

"म्हणजे तुम्हाला नक्की माहीत नाही."

"वीस वर्षं माहीत नव्हतं."

निवृत्तीनंतर त्यांना जामखेड तालुक्यात खर्ड्याला एका शाळेत प्रजासत्ताकदिनाचे पाहुणे म्हणून बोलावलं होतं. भाषण झालं. गावातला एक जुना शिपाई पुढे आला, घरी चहाला चला म्हणाला. पायदळातला माणूस, एका पायाने लंगडत होता. साहेब गेले. त्या माणसाचं बोलणं त्यांनी मला त्याच्याच भाषेत सांगितलं. मला वाटतं, ते त्यांनी स्वतःशी पुष्कळ वेळा म्हटलेलं असावं.

"साहेब, तुमी इमानात हुता न्हवं? कुठल्या बाजूला?"

साहेबांनी सांगितलं.

"अरं तिच्या! आमी तिथंच खाली हुतो. आपल्याच इमानांनी टाकले की आमच्यावर. माझा चुलतभाऊ तिथंच ऱ्हायला. हा पाय तवाचाच."

साहेबांनी दिवस विचारला. त्या माणसाला तारीख आठवत नव्हती, पण आदल्या दिवशी होळी होती हे आठवत होतं. पलटणीत त्यांनी होळी पेटवू दिली नव्हती म्हणून.

"घरी येऊन लॉगबुक काढलं," साहेब म्हणाले. "धुळवडीचा दिवस. माझंच उड्डाण."

"तुम्ही त्याला काय म्हणालात? त्या वेळी, तिथं?"

"काही नाही. तोच म्हणाला. धूर लई हुता साहेब, वरून काय दिसतंय? चुकी हुती मानसाकडून. आणि मला विचारलं, चहात साखर पुरेशी हाय का."

माझ्या खोलीत डोळे तपासायच्या यंत्राचा दिवा सुरूच होता. मी तो बंद केला. डॉक्टरकीत लोक अनेक गोष्टी सांगतात, पण त्या बहुतेक सांगणाऱ्याच्या स्वतःच्या शरीरातल्या असतात. मला त्यांचा राग आला होता की कीव, हे ठरवायलाही वेळ मिळाला नाही, कारण साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि माझ्या टेबलावरचा एक कोरा कागद ओढला.

"हं. नवा क्रम सांगा."

"कशाला?" मी विचारलं.

"नितीनची पुढच्या महिन्यात तारीख आहे. माझे आकडे जुने झाले असतील तर त्याला नवे पाठ करावे लागतील."

"साहेब, आत्ता तुम्ही मला काय सांगितलंत?"

"ते युद्ध होतं. आता कोणी धूर बघून बॉम्ब टाकत नाही. यंत्रं असतात."

"धावपट्टीवरचे दिवे अजून लाल-हिरवेच असतात."

"त्याला क्रम लक्षात राहतो. हुशार आहे तो. हुशार माणूस निभावून नेतो."

"तुम्ही हुशार नव्हता?"

हे मी बोलायला नको होतं. पंच्याहत्तरीच्या माणसाशी असं बोलू नये, त्यातून तो आपला पेशंट. पण मला धक्का बसलेला होता आणि धक्का बसलेला माणूस शिष्टाचार विसरतो. साहेबांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. पेन कागदावर तसंच टेकलेलं.

वास्तविक क्रम बदललेला नव्हता. 'नाही' एवढा एक शब्द मी म्हणालो असतो तर नितीनचं काम झालं असतं. त्यांचे आकडे सतराच्या सतरा बरोबर होते. चुकला होता तो आमचा डिंक.

"क्रम बदललाय," मी म्हणालो. "दरवर्षी बदलतात."

"कसा?"

"ते आम्हाला कळवत नाहीत."

मी आयुष्यात इतकं सफाईदार खोटं क्वचितच बोललो असेन. साहेबांनी पेनला टोपण लावलं. त्यांनी माझं खोटं ओळखलं की नाही कोण जाणे, पण विश्वास ठेवल्यासारखं तरी वाटलं.

"तुम्ही सिव्हिलियन लोक," उठता उठता ते म्हणाले, "फार सोपा विचार करता."

नितीन परत आला. मी त्याला समोर बसवलं आणि सांगितलं की त्याला लाल-हिरवा फरक कळत नाही, आणि हवाई दलात वैमानिक म्हणून घेणार नाहीत.

"ऑपरेशन?"

"नाही."

"चष्मा? औषध?"

"यावर काही नाही. विमान सोडून पुष्कळ गोष्टी करता येतील तुला."

"विमान सोडून," तो म्हणाला. तेवढंच. मग त्याने मान वर केली. "पण हे आईच्या वडिलांकडून येतं म्हणालात. मग आजोबा कसे..."

साहेब पुन्हा अक्षरांच्या तक्त्याकडे बघत होते. सगळ्यात खालची ओळ, बारीक अक्षरांची.

"आजोबांना विचार," मी म्हणालो.

मी रिपोर्ट लिहिला आणि तो नितीनच्या हातात दिला, आजोबांच्या नाही. एवढंच मला करता येत होतं. माझा रिपोर्ट बोर्डाला बंधनकारक नव्हता. कोल्हारच्या रस्त्यात कुठेही फाडून जीपमधून बाहेर टाकता आला असता.

ते गेल्यावर मुलाणी पुस्तक घेऊन आले. बाहेरून त्यांनी किती ऐकलं होतं, मला माहीत नाही. म्हणाले, "साहेब, ती दोन पानं काढून सरळ लावू का?"

"अजिबात नको," मी म्हणालो. "उलट अजून चार काढा."

दोन-अडीच महिन्यांनी साहेब डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूसाठी आले. मला वाटलं होतं, दुसरा डॉक्टर बघतील. ऑपरेशन नीट झालं. पट्टी बांधताना मी विचारलं, "नितीनचं काय झालं?"

"शिकवलं मी त्याला."

माझा हात थांबला. "काय शिकवलं?"

"सगळे आकडे. जुन्या क्रमाने. तुम्ही खोटं बोलताय हे मला तेव्हाच कळलं होतं. मुलाखतीच्या बोर्डावर बसायचो मी." पट्टीखालून ते शांतपणे बोलत होते. "उलटसुलट विचारून घेतले. चुकला नाही."

"आणि टेकडीचं? तेही सांगितलंत?"

"ते कशाला?"

मी चिकटपट्टी लावली. ती वाकडी लागली, काढून परत लावली. एका मुलाला सतरा आकडे देऊन पाठवलं होतं आणि त्या आकड्यांनी काय केलं होतं ते सांगितलं नव्हतं. हे थांबवायला माझ्याकडे कायद्याने काही नव्हतं आणि धीरही नव्हता. बोर्डाला पत्र लिहावं असं एकदा मनात आलं होतं. पेशंटची गोष्ट बाहेर सांगायची नाही, या नियमामागे मी लपलो. आमच्या व्यवसायात या नियमाचा आडोसा फार जणांना पुरतो.

या प्रकरणातून मी एकच गोष्ट शिकलो आणि नव्या डॉक्टरांना तीच सांगतो: पुस्तक मधूनच उघडा. समोरचा माणूस किती मोठा आहे, किती शाली त्याच्या अंगावर पडल्या आहेत, हे बघू नका. पान मागेपुढे करा आणि त्याचा आवाज नको, डोळे बघा.

"मग निकाल?" मी शेवटी विचारलं. "रंगांच्या तपासणीत पास झाला?"

"तिथवर गेलाच नाही," साहेब म्हणाले. "बोर्डात ओळीने टेबलं असतात. पहिल्या टेबलावर पाय बघतात. त्याचे तळवे सपाट निघाले. डोळ्यांचं टेबल सहावं होतं."